कोण कुठल्या खणात झोपले होते : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचे एका घराचे प्रकरण

किल्लारीच्या भूकंपाचा दिवस आला की दरवर्षी वाहिन्यांचे प्रतिनिधी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या पुनर्वसित गावांत जातात, म्हाताऱ्या माणसांपुढे माइक धरतात आणि "त्या वेळी तुम्हाला काय वाटले?" असे विचारतात. मिळणारी उत्तरे इतक्या वर्षांत घासून अशी गुळगुळीत झाली आहेत की गाव बदलले तरी उत्तर बदलत नाही: मोठा आवाज झाला, जमीन हलली, काही कळायच्या आत सगळे संपले. सांगणारा खोटे बोलत नसतो, पण त्याला जे खरोखर नेमके आठवते ते त्याला कोणी विचारलेलेच नसते. त्या पहाटे आपण घराच्या कुठल्या भागात झोपलो होतो, उशाला कोणती भिंत होती, डोक्यावरची तुळई कशावर टेकलेली होती, शेजारी कोण होते आणि दार किती पावलांवर होते, हे तिथला माणूस आजही न अडखळता सांगतो.

पुढे मांडलेले प्रकरण तेव्हाच्या उमरगा तालुक्यातल्या, सास्तूरपासून फार लांब नसलेल्या एका गावातील एका घराचे आहे. ते घर माझ्या आत्याचे. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण घरातल्या काहींची तशी इच्छा आहे. त्या रात्री घरात किंवा घराच्या शिवारात असलेल्या चौघांशी मी गेल्या काही वर्षांत वेगवेगळे बसून बोललो: आत्या, तिचे यजमान म्हणजे आमचे मामा, त्यांचा धाकटा मुलगा, जो तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि घरचे जुने सालगडी, ज्यांना सगळे आबा म्हणतात. प्रत्येकाला आधी कागद-पेन्सिल देऊन पडलेल्या घराचा नकाशा काढायला सांगितले. आबांना पेन्सिल धरायची सवय नाही; त्यांनी अंगणातल्या मातीत काठीने रेघा ओढल्या आणि मी त्या कागदावर उतरवून घेतल्या. नकाशा पुरा झाल्यावर कोण कुठे झोपले होते त्या जागा दाखवायला सांगितल्या, आणि त्यानंतरच त्या पहाटेविषयी विचारले. आधी प्रसंग विचारला असता तर चौघांनीही दूरदर्शनवर ऐकलेलेच सांगितले असते, असे मला आजही वाटते.

भूकंपाची सार्वजनिक नोंद थोडक्यात अशी आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. भूकंपाची नाभी जमिनीखाली फार खोल नव्हती, त्यामुळे हानी थोड्या क्षेत्रात पण भयंकर झाली. किल्लारी आणि सास्तूर ही मोठी गावे तर गेलीच, पण एकूण ५२ गावे इतकी उद्ध्वस्त झाली की ती पुढे नव्या जागी वसवावी लागली. मृतांची संख्या सरकारी नोंदीनुसार आठ हजारांच्या आसपास आणि इतर अंदाजांनुसार दहा हजारांच्या घरात जाते. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर खडक, असा तोवरचा समज होता आणि भूकंपप्रवणतेच्या अधिकृत नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखवलेला होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो तिसऱ्या विभागात गेला. महाराष्ट्राला भूकंप म्हटले की १९६७ चे कोयनानगर आठवत असे. मराठवाड्याने दुष्काळाची तयारी ठेवलेली होती, भूकंपाची नव्हती.

तरीही इशारा मिळालाच नव्हता, असे म्हणता येत नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात जमिनीतून गुरगुरल्यासारखे आवाज येत होते आणि लहानमोठे धक्के बसत होते. त्या वर्षी ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, त्यांतला एक चांगलाच जाणवला. आत्या सांगते की तेव्हा घरातली सगळी मंडळी काही दिवस अंगणात झोपत होती, कंदील उशाशी असे आणि सासूबाई रात्रभर जपमाळ ओढत बसत. पुढे थंडी वाढली, धक्के विरळ झाले आणि माणसे एकेक करून आत गेली. माणूस मरणाच्या भीतीने एक हंगाम बाहेर झोपेल, दोन हंगाम नाही. यात अडाणीपणा शोधणाऱ्यांनी मराठवाड्यातल्या डिसेंबरची एक रात्र उघड्यावर काढून पाहावी.

घर कसे होते

या प्रकरणात घराचे बांधकाम समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराच्या भिंती दोन ते चार फूट जाडीच्या, अनघड दगडांच्या आणि चिखलात रचलेल्या असत. भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण आतून ती दोन भिंतींची असे: बाहेरच्या अंगाला मोठे दगड, आतल्या अंगाला मोठे दगड आणि दोहोंच्या मध्ये गोटे, दगडाचे तुकडे आणि माती यांची भर. दोन्ही अंगांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेला नसे. वर लाकडी तुळया, तुळयांवर कडीपाट, त्यावर पाला आणि तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या), आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी माळवद गळू नये म्हणून दर साली नवी पांढरी माती चढवली जाई आणि जुनी काढण्याची पद्धत नसे, त्यामुळे तीन-चार पिढ्यांच्या घरावर दीड-दोन फूट मातीचे ओझे साचलेले असे. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार अशा त्या घरांना आजही पुनर्वसित गावातली म्हातारी माणसे विसरलेली नाहीत, आणि मे महिन्यात सिमेंटच्या छताखाली बसल्यावर त्यांचे म्हणणे पटते.

मोजमाप खणांत होत असे, आणि दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. आत्याचे घर पूर्वाभिमुख होते. दारातून आत येताच ढाळज, म्हणजे दारालगतची छत असलेली बसायची जागा, मग उघडे अंगण, अंगणाला लागून ओसरी, ओसरीमागे माजघर, माजघराच्या उत्तरेला एक खोली आणि दक्षिणेला स्वयंपाकघर. ढाळज आणि ओसरी मामांच्या आजोबांनी बांधलेली. तिथे सागवानी खांब उथाळ्यांवर, म्हणजे बुडाशी बसवलेल्या दगडांवर, उभे होते आणि तुळया खांबांवर होत्या. भिंतीने फक्त आडोसा दिला होता. माजघर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाढवलेले. त्या काळात सागवान परवडले नाही म्हणून तिथे भिंतीकडेचे खांब गाळून तुळयांची टोके सरळ भिंतीत खोचली होती. माजघराच्या भिंती घरातल्या सर्वांत जाड होत्या, आणि म्हणूनच घरातली धान्याची कणगी, पैशांची पेटी, देव आणि म्हातारी माणसे माजघरात ठेवली जात, कारण घरातली सर्वांत सुरक्षित जागा तीच, असा पिढ्यान्पिढ्यांचा समज होता.

मामांनी काढलेल्या नकाशात ओसरीचा एकेक खांब गोल करून दाखवला आहे आणि माजघरात एकही गोल नाही. मी त्यांना तसे करायला सांगितले नव्हते.

ती रात्र

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावाचा गणपती रात्री उशिरा ओढ्याला नेऊन बुडवला आणि माणसे मध्यरात्रीनंतर घरी परतली. शहरांत मिरवणुका पहाटेपर्यंत चालू होत्या. पोलीस आणि अधिकारी त्यामुळे जागे होते, आणि मदतीची चक्रे लवकर फिरली त्याचे एक कारण हेही सांगितले जाते. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी स्वतःची आठवण अनेकदा सांगितली आहे: राज्यभरातली विसर्जने पार पडल्याची खबर मिळेपर्यंत ते मुंबईत जागे होते, शेवटचा निरोप आल्यावर आडवे होणार तोच खिडक्या थरथरल्या, कोयनेच्या भूकंपमापन केंद्राकडे विचारणा केल्यावर धक्क्याचे मूळ किल्लारीकडे असल्याचे समजले आणि सकाळी ते लातूर भागात पोचले. मी त्या वर्षी अकरावीला लातुरात खोली घेऊन राहत होतो. मांडणीवरची भांडी वाजली, आम्ही मुले रस्त्यावर आलो, आणि उजाडेपर्यंत रस्त्यावरचा प्रत्येक जण केंद्र भलत्याच ठिकाणी असल्याचे छातीठोकपणे सांगत होता. औशाच्या बाजूने जखमींना घेऊन पहिले ट्रक आले तेव्हा चर्चा थांबली. माझ्या आठवणीत सांगण्यासारखे एवढेच आहे, कारण माझ्या डोक्यावर स्लॅब होता.

आत्याच्या घरात त्या रात्रीची व्यवस्था अशी होती. मामा ढाळजेत बाजेवर झोपले होते. आत्या आणि धाकटा मुलगा ओसरीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मध्ये. थोरला मुलगा विसर्जनानंतर मित्रांबरोबर मारुतीच्या पारावरच पडला होता. मामांचे धाकटे भाऊ आणि त्यांची पत्नी उत्तरेच्या खोलीत. माजघरात मामांच्या आई, आणि त्यांच्या कुशीत आत्याची नऊ वर्षांची मुलगी.

पहिल्या हिसक्यात माजघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीचे बाहेरचे अंग बाहेर कोसळले आणि आतले अंग आत. तुळयांची टोके निसटली आणि माळवद मातीसकट खाली आले. ओसरीची मागची भिंतही पडली, पण खांबांवरच्या तुळया जागेवर राहिल्या. दगड आत्याच्या पायांवर आले, डोक्यावर काही आले नाही. ढाळज जवळजवळ जशीच्या तशी उभी होती. उत्तरेच्या खोलीत एकच खांब होता; त्याच्या बाजूचा अर्धा भाग तरला आणि मामांचे भाऊ पायाचे हाड मोडून, तर त्यांची पत्नी खरचटून बाहेर निघाली. माजघरातून कोणीही जिवंत निघाले नाही.

आबांची वस्ती गावाबाहेर ओढ्याच्या अलीकडे होती. तिथे तुराट्यांच्या कुडाची आणि गवताने शाकारलेली छपरे होती. आबांच्या छपरात त्या पहाटे चुलीवरचे भगुणे कलंडले, एवढेच. सबंध वस्तीत कोणी दगावले नाही, आणि गावात पहिले टिकाव आणि पहिली घमेली त्याच वस्तीतून आली. भूकंपानंतर पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी संपूर्ण पट्ट्यात हेच नोंदवले: जिथे छताचा भार लाकडी सांगाड्याने स्वतंत्रपणे पेलला होता तिथे भिंती पडूनही माणसे वाचली, जिथे भार दगडी भिंतीवर होता तिथे गेली, आणि कुडाच्या झोपड्यांना जवळपास काही झाले नाही. सधन घरांच्या रुंद भिंतींनी जास्त माणसे मारली, ही गोष्ट त्या भागात उघडपणे फारशी बोलली जात नाही. आबा मात्र ती अगदी सहज बोलतात: "ज्याच्याकडं दगूड, त्याच्याकडं मढं." मामा समोर बसलेले असतानाही त्यांनी हे वाक्य बोलून दाखवले आणि मामांनी मान हलवली.

आठवणी कुठे जुळतात आणि कुठे नाही

चौघांचे नकाशे एकमेकांवर ठेवले तर जवळजवळ तंतोतंत बसतात. खांबांची संख्या, दारांच्या जागा, कोणत्या कोनाड्यात कंदील असे, झोपलेल्यांची डोकी कोणत्या दिशेला होती, यांत मतभेद नाही. भिंत कोणत्या बाजूला पडली यावर आबा आणि मामा स्वतंत्रपणे एकच सांगतात. मतभेद आहेत ते बाकी जवळपास सगळ्याच गोष्टींत.

वेळेपासून सुरुवात करू. आत्याला घड्याळ कळत नाही, तरी ती "तीन छप्पन्नला" असे म्हणते. घरात त्या वेळी एकच घड्याळ होते आणि ते माजघरात होते. हा आकडा तिला नंतर रेडिओने, वर्तमानपत्रांनी आणि दरवर्षीच्या भाषणांनी दिलेला आहे, आणि आता तो तिच्या आठवणीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला हे तिला स्वतःला मान्य नाही. धक्का किती वेळ चालला याबद्दल मामा "चुटकी वाजवावी इतका" म्हणतात आणि आतेभाऊ "पाच मिनिटे तरी" म्हणतो. लष्कराच्या गाड्या गावात कधी पोचल्या, यावर बाप-लेकांत आजही वाद होतो: एकाच्या मते त्याच संध्याकाळी, दुसऱ्याच्या मते दुसऱ्या दिवशी दुपारी, पाऊस सुरू झाल्यानंतर.

मानसशास्त्राला हे अनपेक्षित नाही. अमेरिकेत १९७७ मध्ये रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक यांनी अशा धक्कादायक दिवसांच्या आठवणी जणू कॅमेऱ्याच्या झोतात टिपल्यासारख्या लख्ख राहतात, असा सिद्धान्त मांडला. पुढे उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी १९८६ मधल्या चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेनंतर दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून ही बातमी कुठे आणि कशी कळली ते लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले. पुष्कळांची हकीकत पार बदललेली होती आणि तरी त्यांचा स्वतःवरचा विश्वास तसाच पक्का होता. मात्र ते विद्यार्थी बातमी ऐकणारे होते. ज्यांच्या अंगावर घर पडले त्यांचा तो अभ्यास नव्हता. आत्याच्या घरातल्या माणसांकडे दोन्ही प्रकारचे साहित्य एकत्र आहे, आणि मला जे दिसले ते असे की ऐकलेला भाग बदलला आहे आणि अंगाखाली-डोक्यावर असलेला भाग फारसा बदललेला नाही. वेळ, कालावधी, तीव्रता, मंत्री कधी आले, हे सगळे ऐकलेले. खांब, तुळई, उंबरा, हे अंगाला लागलेले.

उजेडाच्या बाबतीतला फरक यामुळेच उलगडला. आत्या ठामपणे सांगते की काळाकुट्ट अंधार होता, स्वतःचा हात दिसत नव्हता. आबा तितक्याच ठामपणे सांगतात की चांदणे होते आणि त्या चांदण्यात त्यांना गावावर उभा राहिलेला पांढरा लोट दिसला. ते आधी गावाला आग लागली असे समजले. पंचांगाने पाहिले तर चतुर्दशीचा चंद्र पहाटे चारला पश्चिमेला कललेला, पण मावळलेला नसतो. म्हणजे चंद्र होताच. दोनशे घरांच्या माळवदांची पांढरी माती एका क्षणात हवेत उडाल्यावर त्या धुराळ्याच्या आत असलेल्या आत्याला अंधार दिसणे आणि बाहेर असलेल्या आबांना चांदणे दिसणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एखाद्याने यांतली एक साक्ष चूक ठरवून बाजूला ठेवली असती तर नुकसानच झाले असते, कारण माणसे दगडांखाली चिरडून गेली तितकीच मातीने नाकातोंड भरून गुदमरली, हे समजायला ही दोन वाक्ये शेजारी शेजारी असावी लागतात. आबांनी सांगितले की त्यांनी ओढलेल्या काही जणांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

एक फरक मात्र मला उलगडता आलेला नाही आणि तो उलगडण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. मुलगी रोज आत्याजवळ ओसरीत झोपत असे. त्या रात्री ती माजघरात कशी गेली? आत्या म्हणते, गारठा पडला होता म्हणून मीच तिला आजीजवळ पाठवले. मामा म्हणतात, विसर्जनाहून येताना पोर चालता चालता झोपत होती; ती आपणहून सरळ आत गेली, कोणी पाठवले नाही. आतेभाऊ म्हणतो, आजीने खिरापतीचे खोबरे देते म्हणून हाक मारली आणि ती गेली, त्यालाही बोलावले होते पण तो उठला नाही. तिघांनीही हे मला एकटे असताना सांगितले. मामांच्या सांगण्यात बायकोवरचा बोल काढून घेण्याची इच्छा असू शकते, आत्याच्या सांगण्यात बोल स्वतःवर घेण्याची. पण हे माझे अंदाज आहेत, आणि नोंदीत तिन्ही वाक्ये ज्याची त्याच्या नावापुढे तशीच आहेत. हा फरक त्यांच्यापुढे एकत्र मांडावा असे मला कधी वाटले नाही. प्रकरण पूर्ण करण्यासाठी ते आवश्यक आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने ते घर आणि ती माणसे आपली समजून मग सांगावे.

लाकूड

या चौघांच्या आठवणींना पुराव्याची किंमत का द्यावी लागते, याचे कारण त्यानंतरच्या दोन दिवसांत आहे. गावात प्रेते इतकी होती आणि दुर्गंधीची व रोगराईची भीती इतकी होती की एकेकट्या अंत्यसंस्काराचा विचार करायला सवडच नव्हती. सरपण नव्हते. लाकूड होते ते पडलेल्या घरांचे. म्हणून ढिगाऱ्यांतून तुळया, कड्या, पाट, दारांच्या चौकटी ओढून काढून चिता रचल्या गेल्या आणि एकेका चितेवर अनेकांना ठेवले गेले. पाऊस आल्यावर ओले लाकूड पेटेना म्हणून रॉकेल ओतावे लागले. त्या पट्ट्यातल्या अनेक गावांत हे असेच घडले.

मामांच्या आई आणि मुलगी यांना माजघरातल्याच तुळयांवर अग्नी दिला. ओसरीचे खांब उभे होते. ते मामांनी स्वतः कापायला दिले, कारण शेजारच्या घरातल्या पाच जणांसाठी लाकूड पुरत नव्हते. म्हणजे कोणते घर का पडले आणि कोणते का तरले हे ज्यावरून पाहता आले असते ते सांगाडे दोन दिवसांत जळून गेले, आणि उरलेले दगड पुढे यंत्रांनी हलवले. पाहणीच्या पथकांना काही गावांत उभे सांगाडे मिळाले, छायाचित्रेही निघाली, पण या गावातल्या या घराचे एकही छायाचित्र नाही. घर आता फक्त त्या चार नकाशांत आहे.

बघ्यांचीही आठवण सर्वांना आहे आणि तिच्यात कडवटपणा आहे. रस्ता जीपांनी आणि ट्रॅक्टरांनी भरून गेला होता. त्यांतले बरेच मदतीला आले होते आणि बरेच नुसते पाहायला. शहरातून आलेला एक जण ढिगाऱ्यावर उभा राहून फोटो काढत होता आणि त्याच्या पायाखाली घरच्यांना अजून शोधायचे होते. थोरला मुलगा, जो पारावर होता म्हणून वाचला, त्याने त्या माणसाला ढकलून खाली काढले. थोरल्याशी मी यापलीकडे बोललो नाही. तो बोलत नाही, आणि चौघांत त्याचे नाव नसण्याचे कारण तेच आहे.

नंतर

काही काळ पत्र्याच्या शेडमध्ये गेला. उन्हात ते पत्रे असे तापत की माणसे दिवसभर झाडाखाली बसून राहत, पण त्या छताखाली झोप लागे, असे आत्या म्हणते, कारण ते हलके होते. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनात गाव नव्या जागी, सरळ रस्ते आखून वसले. घरे जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची होती. मामांना मोठे घर मिळाले, आबांना लहान. जुन्या गावात ज्यांची दारे समोरासमोर होती ती कुटुंबे नव्या गावात पार लांब गेली आणि आजही आत्या पत्ता सांगताना आधी जुन्या गावातली जागा सांगते, मग नव्या गावातली गल्ली.

दगडाची भीती बरीच वर्षे राहिली. शेतातल्या विहिरीचे कठडेसुद्धा दगडात बांधायला लोक तयार नसत. नव्या पिढीला ती भीती नाही, आणि पुनर्वसनातली घरे आता अपुरी पडू लागल्यामुळे गावोगाव त्यांना खोल्या आणि मजले जोडले जात आहेत. यांतली बरीच कामे अभियंत्याला न विचारता होतात. भिंती एकत्र बांधून ठेवण्यासाठी घरांना मुळात घातलेले काँक्रीटचे आडवे पट्टे दार मोठे करताना तोडले जातात. हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

धाकट्या आतेभावाने मागे घरामागे दोन खोल्या काढल्या, तेव्हा गवंड्याने विटांच्या नऊ इंची भिंतींवर थेट स्लॅब टाकण्याचा हिशेब दिला होता. मामांनी तो कागद परत केला. त्यांचे म्हणणे एकच होते: छताचा भार भिंतीवर यायचा नाही, खांब वेगळे उभे राहिले पाहिजेत आणि पायापासून वरपर्यंत बांधलेले पाहिजेत. उमरग्याहून अभियंता आणला, त्याने कॉलम आणि बीम काढून दिले, आडवे पट्टे कुठे घ्यायचे ते दाखवले, आणि खर्च गवंड्याच्या हिशेबापेक्षा बराच वाढला. आतेभावाने त्यासाठी सोसायटीचे कर्ज काढले आणि त्याच्या हप्त्यांवरून तो अजून कुरकुरतो. त्या खोल्यांपैकी एकीत आता आबा झोपतात, कारण त्यांच्या घरात नातसुना आल्यापासून जागा उरलेली नाही.

हे काम चालू असताना मी मामांचा नकाशा अभियंत्याला दाखवला. त्याने ओसरीच्या खांबांमधली अंतरे मोजली, माजघरातली रिकामी जागा पाहिली आणि विचारले की हे कोणी काढले. मामा शेजारीच होते. त्यांनी त्याला तुळयांची टोके भिंतीत किती आत होती ते हाताची वीत धरून दाखवले, आणि मग दोघे बराच वेळ पश्चिमेकडच्या भिंतीबद्दल बोलत राहिले.